लेकींचे रान

सोलापूर

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की बाकीच्या शिक्षिका माहेरी जातात आणि मी गच्चीवर शिवक्कांच्या पापडांची राखण करते. कावळे आता मला ओळखतात. हे ज्यांना केविलवाणे वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावे, मला सवय झाली आहे. माझा जन्म कोकणातला. लग्न झाले तेव्हा मला परकराची नाडीसुद्धा धड बांधता येत नव्हती, आणि ती बांधायला शिकेपर्यंत नवरा जाऊन ते लग्न संपलेही. मामांनी पुण्याला एका संस्थेत घालून शिकवले, म्हणून आज मुलींच्या शाळेत शिकवते आहे. पुढे मामा गेले, कोकणातले घर बंद झाले. माहेर हा शब्द मी आता फक्त फळ्यावर लिहिते.

शिवक्का माझ्या घरमालकीण. विणकरांच्या गल्लीत त्यांचे दोन खोल्यांचे घर, त्यातली एक माझी. दिवसभर शेजारच्या मागांचा खटखटाट, त्यावर तेलुगूतली भांडणे, आणि त्या सगळ्यावर शिवक्कांचा आवाज. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली. शेंगाची चटणी आणि पापड विकून बाई ताठ मानेने राहतात. त्यांचे माहेर मैंदर्गीच्या पलीकडचे हिवरहळ्ळी. हिवर हे झाडाचे नाव आपले आणि हळ्ळी, म्हणजे गाव, कानडी, असे अर्धे अर्धे नाव. त्यांचा धाकटा भाऊ मल्लप्पा सुगी संपली की ज्वारीचे पोते घेऊन यायचा. शिवक्का त्याला पोटभर जेवू घालायच्या आणि वाटेला लावायच्या. "कवा येतीस, अक्का?" असे त्याने दारात विचारले की त्या खरकटी भांडी उचलून आत जायच्या. हे मी दर वर्षी पाहत होते. भावाबहिणीत काहीतरी आहे एवढे कळत होते, पण विचारण्याची माझी छाती झाली नाही.

या चैत्रात मल्लप्पा आला नाही, निंगाप्पा नावाचे एक म्हातारे गृहस्थ आले. पांढऱ्या मिशा, खांद्यावर घोंगडे, त्या उन्हातसुद्धा. त्यांनी धोतराच्या सोग्यातून एक चिंधी काढली आणि शिवक्कांच्या पुढ्यात ठेवली. शिवक्कांनी गाठ सोडली. आत बाभळीच्या मूठभर शेंगा होत्या, मण्यांच्या माळेसारख्या असतात त्या. शिवक्का भिंतीकडे तोंड करून बसल्या. मला वाटले, कुणी गेले असावे.

कुणी गेले नव्हते. हिवरहळ्ळीला गावाने राखलेले एक रान आहे. गावातली मुलगी लग्न होऊन निघाली की सासरी जाण्याआधी त्या रानात जाते, वाढत असलेले एक झाड निवडते आणि आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी त्याला बांधते. त्या दिवसापासून ते झाड तिचे. ती कुठेही नांदत असो, तिने त्याच झाडाखाली उभे राहून हो म्हटल्याशिवाय त्याला कुऱ्हाड लागत नाही. झाड गावाला हवे असेल तर त्याच्याच खाली पडलेल्या शेंगा चिंधीत बांधून तिच्याकडे पाठवायच्या. शेंगा आल्या म्हणजे बोलावणे आले.

गावाच्या पिण्याच्या विहिरीवरची रहाटाची तुळई मोडली होती. तेवढे लांब आणि सरळ लाकूड रानात एकच होते, शिवक्कांची रामकाठी. रामकाठी ही बाभळीचीच जात, पण आडवी न पसरता झाडूसारखी सरळ वर जाते.

मी शहाणपणा केला. म्हटले, सोलापूरच्या वखारीत सागाची तुळई मिळेल की. निंगाप्पांनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिले आणि म्हणाले, "मग रान राखलं कशापायी, बाई?"

रात्रीचे जेवण झाल्यावर शिवक्का माझ्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुमी संगं या की. पापड काय, पुढल्या साली बी वाळतील." ज्या बाईला मी आजवर कुणालाही घाबरताना पाहिले नव्हते तिला स्वतःच्या माहेरी एकटीने जायची भीती वाटत होती.

होटगी

आगगाडीचे वर्णन करत बसत नाही, ती सगळ्यांनी पाहिली आहे. होटगीला मात्र गाडी बराच वेळ थांबली आणि तिथे आमची फजिती झाली. शिवक्कांनी भाकरी काढली, चटणीच्या डब्याचे झाकण घट्ट बसले होते ते मी ओढले, आणि शेंगाची लालभडक चटणी समोर बसलेल्या एका रेल्वेच्या कारकुनाच्या परीटघडीच्या धोतरावर सांडली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. कारकून भला होता. त्याने धोतरावरची चटणी बोटाने उचलून चाखली आणि घरची आहे का म्हणून विचारले. शिवक्कांनी त्याला अर्धी भाकरी दिली. तो उतरून जाईपर्यंत दोघांची चांगली ओळख झाली होती.

त्या भाकरीवरच शिवक्कांनी मला सगळे सांगितले. माझ्याकडे न पाहता, खिडकीबाहेर बघत.

मागे एकदा मोठा दुष्काळ पडला होता. वैरण संपली. मल्लप्पाचे बैल उभे राहीनात. एका पहाटे तो रानात गेला आणि बहिणीच्या रामकाठीच्या फांद्या छाटून बैलांपुढे टाकल्या. बहिणीचेच झाड, त्यात विचारायचे काय, असे त्याला वाटले. दिवस उजाडल्यावर मात्र त्यालाच चैन पडेना आणि त्याने आपण होऊन चावडीवर जाऊन सांगितले. हिवरहळ्ळीत याला दंड नाही, मारहाण नाही. ज्याने न विचारता तोडले त्याने रानाभोवतीच्या दगडांच्या आत पाऊल टाकायचे नाही, एवढेच. जिचे झाड तोडले तिने स्वतः येऊन हाताला धरून आत, त्या झाडाखाली आणीपर्यंत.

"आन तुम्ही गेला नाहीत," मी म्हटले. माझ्याही बोलण्यात आता त्यांचा 'आन' येऊ लागला आहे.

"न्हाय गेले. फांद्यांचं काय हो, बैल जगलं. इचारलं असतं तर आख्खं झाड दिलं असतं मी. पर इचारलं न्हाय. सोलापूर काय काशीला हाय?"

नंतर एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. राग कधीच निवला होता, पण जायची वेळ टळून गेली की जाणे जड होत जाते. आता झाडच पडणार होते. झाड पडले की त्याच्याखाली उभे राहून भावाला आत घ्यायची जागाच उरत नाही. मग मल्लप्पाने जन्मभर दगडांच्या बाहेरच राहायचे. आणि झाड द्यायचे नाही म्हटले तर गावाने पाणी कसे काढायचे? दोन्हीकडून कोंडी. मी विचारले, मग भावाला आधी आत घ्या आणि मग झाड द्या, त्यात अडले कुठे? शिवक्का म्हणाल्या, "झाडापायी आली, भावापायी न्हाय आली, असं त्याला वाटंल की."

मैंदर्गी

अक्कलकोट रोड स्टेशनाबाहेर निंगाप्पांची बैलगाडी उभी होती. पुढचा सगळा रस्ता धुळीचा. आमच्या कोकणात गाडीरस्त्याच्या दोन्ही बाजूंनी झाडे अंगावर येतात, इथे नजर जाईल तिथपर्यंत काळी रिकामी शेते, ज्वारीची धसकटे, आणि मधूनच एखादे कडुलिंबाचे झाड. त्या झाडाखाली हमखास कुणीतरी बसलेले. पहिल्या दिवशी मला हा मुलूख ओकाबोका वाटला. दुसऱ्या दिवसापासून मी पुढचा लिंब कुठे आहे तो शोधू लागले आणि दिसला की मला बरे वाटू लागले.

मैंदर्गीला बाजार होता. इथे शिवक्कांची जीभ बदलली. सोलापुरात मराठी बोलताना त्या भांडल्यासारख्या बोलतात, इथे कानडी सुरू झाली आणि आवाज मऊ झाला, चेहराही जरा लहान दिसू लागला. भावजयीसाठी त्यांनी एक खण घेतला, तोही तासभर घासाघीस करून. मग एका चांभाराच्या दुकानापुढे थांबल्या आणि पुरुषाच्या वहाणा मागितल्या. माप विचारले तेव्हा त्यांनी दोन्ही हातांमध्ये अंतर धरून दाखवले. भावाच्या पायाचे माप त्यांना पाठ होते. कातडे फार कडक आहे, चावेल, असे मी म्हटले तर म्हणाल्या, "चावू दे जरा."

हिवरहळ्ळी

गाव टेकाडाच्या पोटाशी आहे. धाब्याची मातीची घरे, एक मारुती, एक मठ, एक ओढा, तोही कोरडा. वेशीतच विहीर लागली. दगडी बांधणीची, खोल. काठावरचे दोन खांब उभे होते आणि त्यांच्यावरची तुळई नव्हती. बायका दोर हातानेच काठाच्या दगडावरून ओढत होत्या. एका पोटुशा सुनेचा मागच्याच आठवड्यात पाय सरकला होता, दुसरीने तिचे लुगडे धरून मागे खेचले म्हणून ती वाचली. हे सांगणाऱ्या बाईने आपले तळहात मला दाखवले. सगळ्या फोडांच्या खुणा. शिवक्कांनी ते हात आपल्या हातात घेतले, तेव्हा मला कळले की ही गंगव्वा, मल्लप्पाची बायको.

"वन्सं, लई वाळलासा," गंगव्वा म्हणाली आणि तिथेच तिच्या डोळ्यांना धार लागली. नणंदभावजयी विहिरीच्या काठावर उभ्या राहून रडल्या आणि मी आमच्या वळकट्या सांभाळत बाजूला उभी राहिले.

घरी गेल्यावर गुळाचा खडा आणि पाणी, पायांवर गार पाणी, मग जेवण. गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, केली होती. आम्ही कोकणातली माणसे गोड म्हटले की नारळ पाहतो, इथे खसखस आणि गूळ. पहिल्या घासाला मी तिला नाक मुरडले आणि तिसरी वाटी स्वतः मागून घेतली. कडक भाकरी पापडासारखी मोडायची असते हे मला ठाऊक नव्हते, मी ती नेटाने चावत बसले तेव्हा शेजारच्या घरातली दोन पोरे मला बघायला आली.

मल्लप्पा दिवेलागणीला शेतातून आला. उंच, खांद्यात वाकलेला माणूस. सोलापुरात तो ज्वारीचे पोते खाली ठेवून मोकळेपणाने बसायचा, इथे स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा उंबऱ्याशी टेकला. भावाबहिणीने बैलांची चौकशी केली, कुणाचे लग्न झाले, कोण वारले, यंदा तूर कशी आली. रामकाठीचे नाव दोघांनीही काढले नाही. वहाणा शिवक्कांनी गंगव्वाच्या हाती दिल्या, त्याच्या नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गंगव्वाबरोबर विहिरीवर गेले. एक कळशी ओढली आणि माझे तळहात सोलले. उरलेल्या कळश्या तिनेच ओढल्या. परत येताना तिने एक कळशी घराकडे न नेता रानाच्या वाटेने नेली. कुणासाठी म्हणून विचारले तर थांबली. सांगू की नको असे तिला झाले होते.

गावातल्या प्रत्येक घराला रानाची राखण पाळीने येते. मल्लप्पा आपली पाळी चुकवत नाही. आत जायचे नाही म्हणून दगडांच्या बाहेर, उन्हात बसतो, आणि बाहेरूनच गुरे वळवतो, लाकूडचोरांना हाकलतो. आणि दर उन्हाळ्यात रोज एक कळशी पाणी गंगव्वाच्या हाती रानात धाडतो. तिने ती रामकाठीच्या बुंध्याशी ओतायची. सगळे गाव त्याला हसते, कारण बाभळीला पाणी कुणी घालत नाही, ती दुष्काळातही हिरवी राहते.

"वन्संना सांगू नका, बाई," गंगव्वा म्हणाली. "त्यो म्हंतोय, पाणी दावून माफी घ्यायची न्हाय."

दिवसभर हे माझ्या पोटात राहिले. तोंड आवरणे हा माझा गुण नाही, माझ्या वर्गातल्या मुलींना विचारावे. संध्याकाळी शिवक्कांनी दोनदा माझ्याकडे रोखून पाहिले आणि उन्हाने डोके दुखते आहे का, असे विचारले. मी हो म्हणून सुटका करून घेतली.

रान

रान म्हणून मी जे मनात धरले होते ते कोकणातले होते. आमच्याकडे देवराईत दिवसा अंधार असतो, आणि तिथली काटकी उचलली तर देव कोपतो म्हणून कुणी हात लावत नाही. इथले रान उघडे, उन्हाने भरलेले. बाभळी, हिवर, बोरी, लिंब, मध्ये वाळलेले गवत. भोवती चुना फासलेले दगड मांडलेले, ते इतके ठेंगणे की शेळीनेही सहज ओलांडावेत. देव कुठे आहे म्हणून मी विचारले. निंगाप्पा म्हणाले, देव न्हाय, लेकी हायत. प्रत्येक झाडावर चिंधी होती. काही नव्या, हिरव्या तांबड्या, काही पार विटून सालीच्या रंगाच्या झालेल्या. चोरायला कोण जाणार? प्रत्येक झाड कुणाच्या तरी बहिणीचे, कुणाच्या तरी मुलीचे. लेक वारली तर झाड तिच्या लेकीचे होते. गवत, शेंगा, डिंक, वाळून पडलेली लाकडे मात्र सगळ्यांची, ती घरटी सारखी वाटून घेतात.

आमच्या आधीच सारे गाव जमले होते. दगडांपाशी वहाणांचा ढीग. पोटुशी सून आली होती, म्हाताऱ्या आल्या होत्या, दोघांनी कुऱ्हाडी आणल्या होत्या आणि त्या बाहेरच ठेवल्या होत्या. मल्लप्पा दगडांच्या पलीकडे, आपल्या रोजच्या जागी बसला होता. त्या जागी गवत उगवत नाही, इतकी ती बसून बसून गुळगुळीत झाली आहे. पायात नव्या वहाणा होत्या.

शिवक्का सरळ आपल्या झाडाकडे गेल्या. त्यांना कुणी वाट दाखवली नाही. रामकाठी उंच, सरळ, वर हिरवागार शेंडा. फांद्या छाटलेल्या ठिकाणी गाठी आल्या होत्या, त्यांच्यावरून शिवक्कांनी हात फिरवला. मग त्यांची नजर खाली गेली. चारी बाजूंना जमीन भेगाळलेली होती आणि बुंध्याभोवती तेवढे ओले आळे होते. कुणीतरी माती नीट ओढून केलेले.

त्या बराच वेळ ते आळे पाहत राहिल्या. मग गंगव्वाकडे पाहिले. गंगव्वाने मान खाली घातली. मग माझ्याकडे पाहिले आणि कालचे माझे डोके का दुखत होते ते त्यांना समजले.

"बाभळीला पाणी," शिवक्का पुटपुटल्या. "येडं त्ये येडंच."

निंगाप्पा पुढे आले. हातात पानसुपारी होती. रीतीप्रमाणे त्यांनी विचारले, "गावाला झाड पायजे. देतीस का, लेकी?"

शिवक्कांनी पदर खोचला आणि झाडाकडे पाठ करून चालू लागल्या. बायकांमध्ये कुजबूज झाली. नाही म्हणून निघाली असेच सगळ्यांना वाटले, आणि खरे सांगते, क्षणभर मलाही वाटले. पोटुशा सुनेने शेजारणीचा हात घट्ट धरला. शिवक्का दगडांपर्यंत गेल्या, ओलांडून पलीकडे गेल्या आणि मल्लप्पापुढे उभ्या राहिल्या. तो गडबडीने उठला.

"बा, तम्मा," त्या म्हणाल्या. ये, धाकट्या भावा. सोलापुरात इतकी वर्षे मी त्यांना भावाशी बोलताना ऐकले होते, पण या शब्दाने हाक मारताना कधी ऐकले नव्हते.

तो जागचा हलेना. म्हणाला, "आदी गावाला जबाब दे, अक्का. माझं ऱ्हाऊ दे."

"तुझ्याबिगर कसा देऊ? पयला घाव भावानं घालायचा असतोय. का दुसऱ्याच्या भावाला बोलवू?"

त्यांनी हात पुढे केला. मल्लप्पा वहाणा काढायला वाकला. नवे कातडे, कडक पट्टा, तो काही केल्या सुटेना. सारे गाव बघत उभे होते आणि हा माणूस एका पायावर तोल सांभाळत वहाणेशी झगडत होता. शेवटी शिवक्काच खाली बसल्या आणि थोरल्या बहिणीने भावाच्या पायातली वहाण काढली, लहानपणी कितीतरी वेळा काढली असेल तशी. मग त्याचे मनगट धरून त्याला दगडांच्या आत आणले. मला पुढचे जरा अंधुकच दिसले, कारण माझे डोळे भरून आले होते.

झाडाखाली उभ्या राहून त्या म्हणाल्या, "दिलं." एवढेच. निंगाप्पांनी पानसुपारी हातावर ठेवली. कुणीतरी कुऱ्हाड आणून मल्लप्पाच्या हातात दिली. त्याने ती उचलली, आणि खाली घेतली. सगळे थांबले. त्याने बहिणीकडे पाहिले.

"तोडू का, अक्का?"

शिवक्का म्हणाल्या, "इचारलास न्हवं? तोड आता."

घाव बसला. दुसऱ्या घावाला बाकीचे पुरुष पुढे आले.

ज्या लेकीचे झाड गावाने घेतले तिला त्याच दिवशी दुसरे निवडायचा हक्क असतो. शिवक्का गवतातून इकडेतिकडे फिरल्या आणि माझ्या गुडघ्याला लागेल एवढ्या एका कोवळ्या रामकाठीपाशी थांबल्या. मला जवळ बोलावले आणि म्हणाल्या, "चिंधी फाडा."

मला वाटले त्यांना माझी चिंधी हवी आहे. मी पदराच्या टोकाची पट्टी फाडून पुढे केली, तर म्हणाल्या, "तुमीच बांधा."

निंगाप्पा घोटाळले. त्यांनी हळूच सांगितले की झाड गावच्या लेकीचे असते, बाई तर परक्या मुलखातल्या. शिवक्का त्यांच्यावर कडाडल्या. त्या म्हणाल्या, "माझ्या घरात ऱ्हाती ती माझी. आन मी कुटल्या गावची हाय? माझं वय झालं, ह्ये झाड वाढंस्तवर मी कुटं असंन. तिला म्हायेर न्हाय, निंगाप्पा."

माझ्या तोंडावर कुणी हे आजवर असे सरळ म्हटले नव्हते. लोक आडून म्हणतात. मला राग यायला हवा होता, आला नाही. निंगाप्पांनी बायकांकडे पाहिले. गंगव्वा म्हणाली, रानात जागा हाय की. दुसरी एक म्हातारी म्हणाली, बांधू द्या, आदीच ऊन चढलंय. झाला गावचा निर्णय.

मी बांधली. गाठीवर गाठ मारली आणि दातांनी ओढून पक्की केली, शाळेच्या वह्यांचे गठ्ठे बांधते तशी. गंगव्वा खो खो हसली. इथे चिंधी सैल बांधतात, झाड वाढणार असते ना. पण बांधलेली चिंधी त्याच दिवशी सोडायची नाही अशी रीत, म्हणून तशीच राहिली.

विहीर

लाकूड मुरायला ठेवण्याइतका वेळ नव्हता. साल सोलून, दोन्ही टोके तासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुळई खांबांवर चढवली. रहाट बसवला, दोर घातला. पहिली कळशी शिवक्कांनी ओढली. रहाट नव्याने करकरला, ओल्या लाकडाचा वास आला, आणि पाणी वर आले. त्यांनी ओंजळभर पिऊन पाहिले, मग मल्लप्पाच्या ओंजळीत ओतले. उरलेले पोटुशा सुनेच्या घागरीत. त्या पाण्याला काही वेगळी चव होती असे मी म्हणणार नाही, जरा गढूळच होते. निघताना गंगव्वाने माझ्या ओटीत ज्वारी आणि शेंगा घातल्या. माझी ओटी भरायला नको म्हणून मी मागे सरले, तर तिने पदर ओढून भरली.

परत सोलापूर

शाळा सुरू झाली, पाऊस बेताचा झाला, दिवाळीही झाली. हिवरहळ्ळी मी अधूनमधून आठवायची, पण झाड आपले असते म्हणजे काय असते हे मला नीट कळले होते असे नाही. मुलींना मी रानाची गोष्ट सांगितली. एकीने विचारले, बाई, तुमचं झाड केवढं झालं? मला सांगता आले नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी न्हाऊन केस वाळवत होते, तर दारात मल्लप्पा उभा. पायात त्याच वहाणा, आता मऊ झालेल्या. शिवक्का मागच्या अंगणात आहेत असे मी त्याला सांगितले. तो हलला नाही.

"अक्काकडं मागनं जातो. आदी तुमच्याकडं आलोय."

माझ्या मनात भलतेच आले. मी त्याच्या हातांकडे पाहिले, शेंगांची चिंधी आहे का म्हणून. एवढ्याशा रोपाचे गावाला काय करायचे असेल? हात रिकामे होते. तो खाली बघून बोलू लागला. पावसात झाड झपाट्याने वाढले, बोटाएवढे होते ते अंगठ्याहून जाड झाले, आणि माझी ती गाठ आता खोडात रुतते आहे. अशीच राहिली तर झाड तिथे कापले जाईल. सगळ्या गावाचे म्हणणे पडले, दे सोडून, एवढ्यासाठी सोलापूरला कशाला जातोस. पण याने हात लावला नाही. गाडी जुंपली आणि निघाला.

"झाड तुमचं," मल्लप्पा म्हणाला. "सोडू का, बाई?"

मी ओले केस तसेच गुंडाळले. तो उत्तराची वाट बघत तसाच उभा राहिला, खांद्यावरचे घोंगडे सावरत. तेवढ्यात मागच्या अंगणातून शिवक्कांचा आवाज आला. भावाचे बोलणे त्यांनी ऐकले असावे, पण त्या पुढे आल्या नाहीत.

"बाई, तुमच्या म्हायेरचं माणूस आलंय. दारात काय हुभं केलंय त्याला? भाकरी टाका की."